शीवेइची कचरागाडी आणि च्वो बाईंची क्रियापदं

खोटं कशाला बोलू, पन्नाशीला टेकले तरी च्वो बाईंचा आवाज कानावर आला की माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जातात. आमच्या शीवेइत ज्यानं बाईंचा मार खाल्ला नाही असा माणूस शोधायचा, तर बाहेरगावाहून लग्न होऊन आलेल्या सुनांकडेच जावं लागेल.

बाईंनी आमच्या शाळेत अडतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. इंग्रजी म्हणजे तसं सगळं नाही हं. धडे, कविता, पत्रलेखन हे त्या उरकून टाकायच्या. त्यांचा जीव होता तो भूतकाळात वाकडी होणाऱ्या क्रियापदांवर. सरळ क्रियापदांना बाई किंमतच द्यायच्या नाहीत. "शेपूट लावलं की झालं, त्यात शिकायचं काय?" पण भूतकाळात गेली की जी ओळखच दाखवत नाहीत, ती बाईंनी मोजून ठेवली होती. एकशे सेहेचाळीस. प्रत्येकाची तीन रूपं, एका दमात. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. एक चूक, एक छडी, आणि तीही डाव्या तळहातावर. उजवा लिहायला लागतो ना!

का म्हणून विचारायची सोय नव्हती. एकदाच विचारलं होतं, थ्येन-पाओनं. तोच, जो आता बाजारात डुकराच्या मटणाचं दुकान चालवतो. "बाई, गोचं वेंट का होतं? दोघांचं काही नातं दिसत नाही."

बाईंनी उलट त्यालाच विचारलं, "तुझं नाव थ्येन-पाओ का?"

"आजीनं ठेवलं, बाई."

"मग यांचंही यांच्या आजीनं ठेवलं. हात पुढे कर."

आता तुम्ही म्हणाल, आईबापांनी तक्रार कशी केली नाही? अहो, छड्या पुरवायचे कोण? आईबापच. सातवीच्या पहिल्याच दिवशी माझी आई पेरूंची टोपली आणि वेताची नवी कोरी छडी घेऊन शाळेत हजर. "बाई, पोरगी तुमचीच समजा. मेली ऐकत नाही अजिबात." आठवड्याभरात त्याच छडीनं मला नऊ पडल्या, आणि वर बाई म्हणाल्या, "आईला सांग, पेरू गोड होते." परीक्षेच्या दिवशी आम्ही तळहाताला आलं चोळून जायचो, त्यानं कमी लागतं अशी आमची समजूत. बाई वर्गात शिरताना नाक वर करून म्हणायच्या, "आज काय, मासे शिजतायत वाटतं इथं?" आणि आल्यासकट मारायच्या.

बाईंनी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भूमिदेवाच्या देवळामागं दोन खोल्या घेऊन राहिल्या, माझ्या न्याहारीच्या दुकानाच्या बरोबर समोर. म्हणजे मी तव्यावर अंड्याची पोळी उलटली की समोर बाईंचं दार. पहिल्या वर्षी शिक्षकदिनाला त्यांनी अननसाच्या वड्यांचा मोठा खोका आणला, दाराबाहेर तीन खुर्च्या मांडल्या आणि सकाळपासून बसून राहिल्या. कोणी फिरकलं नाही. मी? मी समोरच होते, दहा पावलांवर. पण पाय उचलेना. भीती, दुसरं काय! चार दिवसांनी बाई तो खोका घेऊन दुकानात आल्या. "गिऱ्हाइकांना वाटून टाक, सू-ये. मला गोड चालत नाही." मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वाटल्या मी त्या वड्या.

अशी पाच वर्षं गेली, आणि आमचे गावप्रमुख वेंगसाहेब यांच्या डोक्यात किडा वळवळला. वरून फतवा आला होता की गावोगावी लोकांना इंग्रजी आलं पाहिजे. दुसऱ्या गावांनी काय केलं, पाट्या रंगवल्या. वेंगसाहेब म्हणाले, पाट्या कोण वाचतो? पण कचरागाडी? रोज साडेचारला आणि पुन्हा सहाला गाडी येते. पिशवी रस्त्यावर ठेवायची नाही, आपल्या हातानं गाडीत टाकायची असा नियम. म्हणजे सगळं गाव चपला घालून, पिशव्या धरून कोपऱ्याकोपऱ्यावर ताटकळणार. असा बांधलेला श्रोता तर देवळातल्या पुराणालासुद्धा मिळत नाही! तेव्हा गाडी आली हे कळावं म्हणून तिच्यावर वाजणारी ती पियानोची रडवेली धून काढायची आणि त्या जागी च्वो बाईंची क्रियापदं लावायची. वेंगसाहेब स्वतः बाईंचेच विद्यार्थी, आणि कच्चे. इतके कच्चे की मार पुरेसा पडला नसावा, नाहीतर असलं सुचलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानात. "सू-ये, घसा मोकळा व्हायला काय घेतात?"

मी नाशपाती खडीसाखर घालून वाफवून दिली. तीन दिवस बाई कार्यालयाच्या मागच्या खोलीत उभ्या राहून बोलल्या. बसून बोललं की आवाज पोटात राहतो म्हणे. ठरलं असं, की तीन महिने करून बघायचं, मग गावसभेत लोकांना विचारायचं. लोक हो म्हणाले, तर जिल्ह्याच्या सगळ्या गाड्यांवर बाईंचा आवाज, आणि सुरुवातीला बाईंचं नाव. ही गोष्ट बाईंनी मला एका सकाळीत चार वेळा सांगितली. चौथ्यांदा म्हणाल्या, "अडतीस वर्षं वाया गेली असं वाटायला लागलं होतं, सू-ये. नाही गेली."

मी आपली तवा पुसत राहिले.

पहिल्या दिवशी साडेचारला वळणावरून आवाज आला, "बिगिन, बिगॅन, बिगन! बाइट, बिट, बिटन!" आणि प्रत्येकानंतर जागा सोडलेली, आपण मागून म्हणायला. ती जागाच जास्त भयंकर! एरवी आमच्याकडे गाडी आली की कोण धक्के मारतंय, कोण सासूच्या चहाड्या सांगतंय, कोण अर्ध्या चपलेत धावतंय. त्या दिवशी चिडीचूप. कोणी न सांगता आम्ही उंचीप्रमाणे उभे राहिलो. थ्येन-पाओ, पन्नाशी ओलांडलेला, मुसळासारख्या दंडांचा माणूस, त्यानं हाडांची पिशवी उजव्या हातात घेतली आणि डावा हात विजारीच्या खिशात घातला. वेंगसाहेबांचा माणूस फोटो काढत होता. "शिस्त बघा, शिस्त! इंग्रजीचा परिणाम!"

बाई कोपऱ्यावर उभ्या होत्या, इस्त्रीचा राखाडी झगा घालून. हातात पिशवी, आणि पिशवीत एक रिकामी काड्यापेटी. मला हळूच म्हणाल्या, "पाहिलंस? विसरले नाहीत माझे."

दहा दिवस मी सोसलं. अकराव्या दिवशी कचऱ्याची पिशवी स्कूटरवर पायांशी दडपली आणि पाच किलोमीटरवर तिंगछोला गेले. तिथल्या गाडीवर अजून पियानो होता. चोरासारखी जाऊन रांगेत उभी राहते, तर पुढं कोण? आमच्या औषधवाल्याची बायको! तिनं ढगांकडं बघितलं. मी माझ्या चपलांकडं.

"औषध पोचवायला आले होते," ती म्हणाली.

"मी अंड्यांचा भाव बघायला," मी म्हटलं. दोघींच्या हातात कचऱ्याची पिशवी.

महिन्याभरात आम्ही चाळीस झालो. मग साठ. थ्येन-पाओ तर टेम्पोच घेऊन यायचा, शेजारपाजाऱ्यांचाही माल त्यात. उकडलेल्या शेंगा निघायच्या, गप्पा रंगायच्या, कितीतरी वर्षांत एवढं हसले नव्हते मी. तिंगछोचे लोक कुरकुरायचे. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "का गं, तुमच्या गावात गाडी येत नाही का?"

"येते हो, आजी. पण बाई घेऊन येते."

सगळ्यात हाल खुन-शानचे. हा आमच्या गाडीचा चालक. शाळेत एका दिवसात एकतीस छड्या खाल्लेला, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. आम्ही पळून जायचो, तो कुठं पळणार? कर्णा त्याच्या टाळक्यावर, रोज दोन्ही फेऱ्या. न्याहारीला यायचा तेव्हा डोळे तारवटलेले. "ताई, मला आता सगळी येतात हो. एकशे सेहेचाळीसच्या एकशे सेहेचाळीस. काल बायकोनं भात वाढला, तर मी म्हटलं ईट, एट, ईटन. ती म्हणाली, खायचं तर खा, नाहीतर ताट उचलते."

मी हसले. तो हसला नाही. "गाडी निम्मी रिकामी जातीय, ताई. वर सांगू का?"

"सांगितलंस तर उद्यापासून तुझी अंड्याची पोळी बंद."

तो गप्प बसला. पण वजनकाटा थोडाच गप्प बसतो? शीवेइचा कचरा निम्म्यावर आला हे कागदावर दिसलं, आणि जिल्ह्याच्या कचेरीत आनंदीआनंद झाला. बाकी कुठल्याच गावाला जे जमलं नाही, ते आमच्या गावानं क्रियापदांनी करून दाखवलं! वेंगसाहेबांना ढाल मिळाली. भाषणात म्हणाले, माणूस सुशिक्षित झाला की घाण कमी करतो. बाईंनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापली आणि माझ्याकडं आणून दिली. "दुकानात लाव, सू-ये. चार लोक वाचतील." मी लावली. सोयाच्या दुधाच्या आणि अंड्याच्या पोळीच्या भावाशेजारी. लाज नावाची वस्तू मी त्या दिवसात कुठं ठेवली होती, मलाच ठाऊक नाही.

गावसभा रविवारी होती. त्याच्या आधीचा गुरुवार. तिंगछोला आमची जत्रा भरलेली. गाडी यायला अवकाश होता, म्हणून थ्येन-पाओला जोर चढला. कोणाच्या तरी पिशवीतून कांद्याची पात उपसली आणि झाला बाई. मान ताठ, नाक वर. "मासे शिजतायत वाटतं इथं? हात पुढे कर! एक चूक, एक छडी!" आणि औषधवाल्याच्या बायकोच्या तळहातावर सट् करून पात मारली. ती लहान पोरीसारखी कळवळली, आम्ही पोट धरून हसतोय. मीसुद्धा. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

तेवढ्यात समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. एका डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदूचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी पहिल्यांदा पाहिलं. मग एकेक करून सगळ्यांनी. शेवटी थ्येन-पाओनं, कांद्याची पात वर धरलेली तशीच. तिंगछोची गाडी पियानो वाजवत येऊन उभी राहिली, तिचा माणूस ओरडायला लागला, "टाका, टाका लवकर!" आमच्यातलं कोणी हलेना. बाईंनी त्या एका डोळ्यानं डावीकडून उजवीकडं सगळ्यांना बघून घेतलं, हजेरी घेताना बघायच्या तसं.

"सू-ये, तुझं इथं काय काम?"

अंडी म्हणणार होते. जीभ वळली नाही. "कचरा टाकायला आले, बाई."

"पाच किलोमीटर?"

"हो, बाई."

"सगळेच?"

थ्येन-पाओनं कांद्याची पात पाठीमागे लपवली. बाईंनी माझ्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं. "मग टाक ना. गाडी निघून जाईल."

आणि बसच्या थांब्याकडं चालायला लागल्या, कठड्याला धरून, पाऊल चाचपत. त्यांनी त्या वेळी मला कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. साठ माणसं आम्ही, तीसचाळीस स्कूटरी, वर एक टेम्पो, आणि एकाच्या तोंडून निघालं नाही की बाई, चला, घरी सोडतो.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात सभा. झाडून सगळे आलो. न येणं म्हणजे गैरहजेरी, आणि गैरहजेरीची शिक्षा आम्हाला ठाऊक होती. बाई पहिल्या रांगेत, पट्टी निघालेली, तोच इस्त्रीचा राखाडी झगा. तीन दिवस त्या दुकानाकडं फिरकल्या नव्हत्या. मंचावर ढाल ठेवलेली, शेजारी जिल्ह्याहून आलेला अधिकारी कागद मांडून, लेखणीचं टोपण काढून बसलेला. वेंगसाहेबांना गुरुवारचं काही माहीत नव्हतं. त्यांचा कचरा नोकर टाकतो.

भाषण झालं. मग वेंगसाहेब म्हणाले, "आता ज्यांना बाईंचा आवाज गाडीवर कायमचा हवा, त्यांनी हात वर करावा."

देवा रे! झरझर सगळे हात वर. थ्येन-पाओचा सगळ्यात उंच. माझाही होता, लपवून काय करू? थोडी शरम, पण जास्त भीती. बाई पहिल्या रांगेत बसल्यात आणि आपण हात खाली ठेवायचा, ही छाती कोणाची?

"एकमतानं मंजूर!" वेंगसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्यानं कागद पुढं ओढला. बाईंनी नुसतं बसून राहायचं होतं. एवढंच करायचं होतं. सबंध जिल्ह्यानं रोज त्यांचं नाव ऐकलं असतं.

बाई उठल्या. "थांबा. खुन-शान, उभा राहा."

खुन-शान मागच्या रांगेत ताडकन उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून.

"गाडी भरते का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. "निम्मी भरते, बाई."

"बाकीचा कचरा?"

"तिंगछोला जातो, बाई."

वेंगसाहेब लगबगीनं पुढं आले. "अहो बाई, हा काहीतरीच बरळतोय. वजनाचे कागद आहेत माझ्याकडं, ढाल आहे..."

"वेंग, खाली बस."

आणि गावचे प्रमुख, दोनदा निवडून आलेले, खाली बसले.

मग बाई आमच्याकडं वळल्या. गाडीवरचा तो आवाज नव्हता. बारीक, कोरडा, म्हातारीचा आवाज. "मला वाटलं होतं, तुमच्या लक्षात राहिलंय." "आता मी विचारते. आवाज बंद व्हावा असं कोणाकोणाला वाटतं?"

एक हात हलला नाही.

"खरं सांगा."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. वाटत होतं, ओरडून सांगावं की बाई, नका विचारू, राहू द्या तो आवाज, आम्ही ऐकू.

तेव्हा बाईंनी स्वतःचा हात वर केला. सुकलेला, निळ्या शिरांचा हात, मंडपभर एकटाच. म्हणाल्या, "करा हात वर. मी मारणार नाही."

थ्येन-पाओनं केला आधी. तो रडत होता, एवढा दांडगा माणूस, नाक ओढत. मग औषधवाल्याची बायको. मग इकडून तिकडून, हळूहळू, कोपरात वाकलेले, अर्धेमुर्धे हात. मग मी केला. वेंगसाहेबांनीसुद्धा केला, बसल्या जागी, ढालीच्या आडून.

बाईंनी बोट दाखवून एकेक हात मोजला. घाई केली नाही, कोणाला वगळलं नाही. शेवटचा मोजून झाल्यावर आपला हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "बरोबर."

हा शब्द बाईंच्या तोंडून आम्ही कोणीच आजवर ऐकला नव्हता.